अंगठा देण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर मार्च 2023 मध्ये झालेलं भाषण)

जेवणं आटोपून, भांडी बाजूला सारून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. काही गटांनी आज बैठकीतच रेडिओ लावलाय, असा निरोप आलाय. त्यांना एक विनंती. वही जवळ घ्या आणि लिहितं कोण ते आधी ठरवा. आजच्या बोलण्यात काही आकडे आहेत, ते लिहून ठेवण्यासारखे आहेत.

आज आम्ही आमच्या गटाची एक चूक सांगणार आहोत. दुसऱ्याची चूक सांगणं सोपं असतं, पण ही आमची आहे आणि ती तुमच्या गावात होऊ नये, म्हणून सांगतोय.

गोष्ट 2020 च्या ऑक्टोबरातली. सोयाबीनची मळणी जोरात होती. आमच्या गटातली एक ताई मळणी मशीनच्या टोळीत जायची. मशीनवाला गावातलाच. तो ट्रॅक्टरला मशीन जोडून या शेतातून त्या शेतात जायचा, पोत्यामागं शेतकऱ्याकडून पैसे घ्यायचा आणि टोळीला रोज द्यायचा. ताईचा रोज 300 रुपये होता. दिवस कलला होता, आभाळ भरून आलं होतं, पाऊस यायच्या आत गंज संपवायची घाई होती. ताई पेंढ्या मशीनच्या तोंडात सरकवत होती. एक पेंढी अडकली, तिनं हातानं रेटली, आणि हात आत ओढला गेला. उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली.

मशीनवाला वाईट माणूस नव्हे, हे आधी सांगतो. त्यानंच गाडी काढली आणि दवाखान्यात नेलं. पण वाटेत तो म्हणाला, "मशीनचं नाव सांगू नका, पोलीस केस होईल. घरी कडबा कुट्टीत हात गेला म्हणा." गाडीत आमच्यातल्या दोघी होत्या. आम्ही मान डोलावली आणि केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. ही आमची पहिली चूक.

पंधरा दिवसांनी पारावर बैठक बसली. मशीनवाल्यानं दवाखान्याचे 14 हजार भरले होते. वर 10 हजार द्यायला तो तयार होता. स्टँप पेपर आणलेला होता. त्यावर लिहिलं होतं, "माझी काही तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही." ताईनं आमच्याकडं बघितलं. आम्ही काय म्हणालो? "घे बाई, मिळतंय ते घे. गावात राहायचंय आपल्याला. पुढच्या हंगामात काम कोण देईल?" उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून तिनं डाव्या हाताचा अंगठा दिला. ही आमची दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

त्यानंतर ताईला खुरपं नीट धरता येईना. वेचणीला गेली तर इतर बायांच्या निम्मा कापूस व्हायचा. भाकरी थापायची कामं लेकीकडं गेली. लेक दहावीत होती. ते 10 हजार तर दिवाळीतच संपले.

ऑगस्ट 2022 मध्ये तालुका विधी सेवा समितीचं शिबिर आमच्या गावात झालं. तिथं एका वकील बाईंनी सहज विचारलं, "कामावर कुणाला इजा झालीय का?" ताईनं हात वर केला, तोच हात. त्या बाईंनी पहिला प्रश्न तारखेचा केला. तारीख ऐकल्यावर म्हणाल्या, "दोन महिने राहिलेत. अजून वेळ गेलेली नाही."

आता वही उघडा. त्या दिवशी आणि त्यानंतर आम्ही जे शिकलो, ते सांगतो.

कायदा आहे 1923 सालचा, म्हणजे शंभर वर्षांचा झाला. त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. संसदेनं 2020 मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केलीय. ती लागू झाली की या कायद्याची जागा ती घेईल. पण आज, मार्च 2023 मध्ये, चालतो तो 1923 चाच कायदा.

कायद्याचं म्हणणं साधं आहे. काम करताना, त्या कामामुळं अपघात झाला आणि कामगाराला इजा झाली, तर भरपाई मालकानं द्यायची. मालकाची चूक होती हे आपण सिद्ध करायचं नसतं.

हे नीट ऐका, कारण गावात पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, "तिचीच चूक होती. पदर खोचला नव्हता. लक्ष नव्हतं." मैत्रिणींनो, घाईत हात पुढं गेला, लक्ष चुकलं, म्हणून हक्क जात नाही. मालक सुटतो तो मोजक्या वेळी. कामगार नशेत असेल, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्यानं जाणूनबुजून मोडला असेल, किंवा मशीनचं संरक्षक झाकण मुद्दाम काढलं असेल, आणि त्यामुळंच अपघात झाला असेल तर. त्यातही माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर या सबबीही चालत नाहीत. इजेमुळं तीन दिवसांहून जास्त काम बुडालं नाही, अशा किरकोळ इजेला मात्र हा कायदा लागत नाही.

दुसरा प्रश्न येतो, "आम्ही तर रोजंदारीवर. हजेरीपट नाही, कागद नाही. आम्हाला कुठला कायदा?" रोजंदारीची बाईसुद्धा यात येते. ट्रॅक्टरनं किंवा इंजिनावर, विजेवर चालणाऱ्या यंत्रानं होणारी शेतीची कामं या कायद्याच्या यादीत आहेत. बांधकाम आहे, यंत्रावर चालणारे कारखाने आहेत. कारखान्यात तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर मात्र भरपाई ईएसआयकडून मिळते, या कायद्यातून नाही. आणि रोजगार हमीच्या कामावर इजा झाली तर मोफत उपचाराची, दवाखान्यात ठेवलं तर निम्म्या मजुरीची तरतूद रोजगार हमीच्या कायद्यातच आहे. ग्रामसेवकाकडं ती मागा.

तिसरा प्रश्न, मालक कोण? आमच्याकडं हाच घोळ झाला. मशीनवाला म्हणतो, "काम शेतकऱ्याचं होतं." शेतकरी म्हणतो, "माणसं मशीनवाल्याची होती." दोघांच्या मध्ये ताई उभी. वकील बाईंनी सांगितलं, आपण निवाडा करत बसायचं नाही. रोज कोण देत होतं, कामावर कोण बोलवत होतं ते खरं सांगायचं आणि अर्जात दोघांनाही सामनेवाले करायचं. ठेकेदाराची माणसं लावून आपल्या धंद्याचं काम करून घेणारा मूळ मालकही या कायद्यात जबाबदार धरता येतो. ट्रॅक्टरचा, मशीनचा विमा असेल तर विमा कंपनीलाही सामील करता येतं. त्या विम्यात कामगार येतात की नाही, ते पॉलिसी वाचून ठरतं. म्हणून ट्रॅक्टरचा नंबर लिहून घ्या.

आता पैशाचा हिशोब. कायद्यात एक यादी आहे, कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं याची. अंगठा गेला तर 30 टक्के. अंगठ्याशेजारचं पूर्ण बोट गेलं तर 14 टक्के. एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के, तीन गेली तर 30, चारही गेली तर 50 टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर 40 टक्के. जी इजा यादीत नाही, तिच्यासाठी डॉक्टर टक्के ठरवून देतात.

मग महिन्याची मजुरी काढायची. ताईचा रोज 300, हंगामात सलग काम, म्हणजे महिन्याचे 9,000. कायदा महिन्याला जास्तीत जास्त 15,000 रुपयेच मोजतो. 9,000 चे 60 टक्के होतात 5,400. याला वयाप्रमाणं एका आकड्यानं गुणायचं, तो आकडा कायद्यातच दिलाय. ताईचं वय अपघाताच्या वेळी 35 होतं. त्या वयाचा आकडा 197.06. गुणाकार होतो 10 लाख 64 हजार 124. याचे 20 टक्के, म्हणजे 2 लाख 12 हजार 825 रुपये.

हा आकडा फळ्यावर लिहिला गेला तेव्हा आमच्यातली एकही बोलली नाही. 2 लाख 12 हजार. आणि आम्ही तिला 10 हजारांवर अंगठा द्यायला लावला होता.

वयाचा आकडा तरुणपणी मोठा असतो, वय वाढेल तसा कमी होतो. 25 व्या वर्षी 216.91, 50 व्या वर्षी 153.09. दवाखान्याचा खर्च वेगळा. तो मालकानं द्यायचाच असतो, भरपाईतून कापायचा नसतो. म्हणजे ते 14 हजार उपकार नव्हते. इजा बरी होणारी असेल, पण बरेच दिवस काम बुडालं असेल, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या 25 टक्के मिळतात. माणूस गेला तर महिन्याच्या मजुरीच्या 50 टक्क्याला वयाच्या आकड्यानं गुणायचं. ते 1 लाख 20 हजारांपेक्षा कमी भरलं तर 1 लाख 20 हजार द्यावेच लागतात, आणि अंत्यविधीचे किमान 5 हजार वेगळे. मालकानं महिन्याच्या आत भरपाई दिली नाही, तर 12 टक्के व्याज लागतं. उशिराला कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो.

आता त्या स्टँप पेपरचं काय? हक्क सोडून देण्याचा असा करार या कायद्यात रद्द समजला जातो. भरपाईबद्दल समझोता करायचाच असेल, तर तो आयुक्तांकडं नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. आणि एक गोष्ट तर खास आपल्यासाठी आहे. कामगार बाई असेल तर तिची एकरकमी भरपाई मालकानं परस्पर तिच्या हातात देऊन चालत नाही. ती आयुक्तांकडं जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. कामगार मरण पावला असेल तरीही असंच. पारावर बाईला गप्प बसवता येतं, हे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनाही ठाऊक असावं.

हे आयुक्त कुठं बसतात? कुठं कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम बघतात, कुठं दिवाणी न्यायालयाचे वरिष्ठ स्तराचे न्यायाधीश. तुमच्या तालुक्यासाठी कोण, ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत विचारा. ही कार्यालयं कोर्टाच्या आवारातच असतात. तिथं बाईला वकील मोफत मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे बघितलं जात नाही. 15100 हा फुकट लागणारा नंबर आहे, तोही लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर आयुक्तांच्या देखरेखीखाली अर्ज लिहून मिळतो, असंही कायदा म्हणतो.

मुदत दोन वर्षांची, अपघाताच्या दिवसापासून. मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या दिवसापासून. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्या भरवशावर बसू नका.

आमच्यातल्या कितीतरी जणी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांनी हे ऐका. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना फळीवरून पाय घसरतो, गाडी उलटते, कोयता लागतो. अपघात होतो कोल्हापूरकडं, घर बीडला. "तिकडं कोर्टात कोण जाणार," म्हणून विषय मिटतो. पण अर्ज जिथं अपघात झाला तिथं करता येतो, तसा आपण कायम राहतो त्या भागातही करता येतो. मुकादमाचं नाव, कारखान्याचं नाव आणि गाडीचा नंबर तेवढा हातात पाहिजे. उचल फिटली नाही म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. उचल आणि इजा हे दोन वेगळे हिशोब आहेत.

आता अपघात झाला त्याच दिवशी काय करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, दवाखाना. आणि दवाखान्यात खरं बोलायचं. कुठल्या मशीनवर, कुणाच्या कामावर, किती वाजता हे सांगायचं आणि केसपेपरवर लिहिलंय का ते वाचून घ्यायचं. वाचता येत नसेल तर नर्सताईंना वाचून दाखवायला सांगायचं. एमएलसीची नोंद झाली म्हणजे कुणी लगेच तुरुंगात जात नाही. आमच्या अर्जात आज सगळ्यात मोठा अडथळा कुठला असेल, तर ती एक ओळ, "घरी कडबा कुट्टीत हात गेला." आम्हीच मान डोलावली होती ना.

दुसरं, पुरावा जपायचा. केसपेपर, एक्सरे, औषधांची बिलं, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवायचं. मशीनचा, जागेचा, जखमेचा फोटो मोबाईलवर काढून ठेवायचा. मजुरी फोनवर जमा होत असेल तर तो मेसेज पुसायचा नाही. सोबत कोण कोण होतं, त्यांची नावं त्याच दिवशी लिहायची.

तिसरं, मालकाला लेखी कळवायचं. जितक्या लवकर होईल तितकं, रजिस्टर पोस्टानं. पावती आणि पोचपावती जपून ठेवायची. मजकूर साधा असतो: "मी अमुक, राहणार अमुक. अमुक तारखेला इतक्या वाजता, तुमच्या मळणी मशीनवर, अमुक यांच्या शेतात काम करताना माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली. अमुक दवाखान्यात उपचार झाले. मला कायद्याप्रमाणं नुकसानभरपाई मिळावी." खाली सही किंवा अंगठा. या कागदावर अंगठा द्यायला हरकत नाही.

चौथं, त्यानंतर मालकानं फुकट डॉक्टरी तपासणीला बोलावलं तर जायचं. सोबत गटातली एक बाई न्यायची. विनाकारण नकार दिला तर हक्क तेवढ्या काळापुरता थांबतो.

पाचवं, महिनाभर वाट बघायची. पैसे जमा झाले नाहीत तर विधी सेवा समितीकडं जायचं आणि अर्ज दाखल करायचा.

ताईचा अर्ज सप्टेंबर 2022 मध्ये दाखल झाला, मुदत संपायला तीन आठवडे राहिले असताना. निकाल अजून लागलेला नाही. तारखा पडतात. एका तारखेला जायचं म्हणजे ताईचा आणि सोबतच्या बाईचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं. ते भाडं आम्ही गटाच्या दंडाच्या पैशातून देतो, तसा ठराव केलाय. समोरच्या वकिलांनी तो स्टँप पेपर दाखवला, केसपेपरही दाखवला. खोटी आशा आम्ही कुणाला दाखवत नाही. लढाई लांबची आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते साक्षीचं. त्या दिवशी मशीनवर तिघी होत्या. एकीनं सरळ नाही म्हटलं. तिचा नवरा त्याच मशीनवाल्याकडं ट्रॅक्टर चालवतो, आम्ही तिला दोष दिला नाही. दुसरी हो म्हणाली, मग घाबरली. तिसरी साठीची आहे. ती म्हणाली, "मी बघितलंय ते सांगीन. ह्या वयात मला कामावरून काढून काढून किती काढतील?" मग दुसरीही परत आली. केसपेपरच्या वेळी गाडीत असलेल्या आम्ही दोघीही साक्ष देणार आहोत. मान डोलावली ती आम्हीच, हे आम्ही कोर्टात सांगणार आहोत. लाज वाटेल, पण त्या लाजेपेक्षा ताईचा हात मोठा आहे.

मशीनवाल्याशी बोलणं सुटलेलं नाही. पहिले काही महिने तो तोंड फिरवायचा. आम्ही त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं, दादा, तुमच्याशी वैर नाही. तुम्ही कामगारांचा विमा काढला असता तर आज तुमच्या खिशाला हात लागला नसता. गेल्या हंगामात त्यानं मशीनचं तोंड बदलून घेतलं. पेंढी सरकवायचा पत्रा 90 सेंटिमीटर लांब असावा आणि त्यातला निम्मा भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात आतल्या ड्रमपर्यंत पोचत नाही. हे कुणी नवीन काढलेलं नाही. मळणी मशीनच्या सुरक्षिततेसाठी आपल्या देशात 1983 पासून वेगळा कायदा आहे. आता आमच्या टोळ्यांतल्या बाया आधी मशीनचं तोंड बघतात, मग रोज ठरवतात.

जाता जाता एक काम देतो. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आखा. कोण कुठं कामाला जाते, कुणाकडं, रोज किती, मशीन कुठली, गाडीचा नंबर काय. दर आठवड्याला भरा. हजेरीपट मालकाकडं नसला तरी आपल्याकडं असेल. आणि गटात एक ठराव करा. कामावर इजा झालेल्या बाईला एकटीला पारावर पाठवायचं नाही, आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही.

ताई आज आमच्यासोबत इथं बसलीय. बोल म्हटलं तर नको म्हणाली. फक्त एक निरोप द्यायला सांगितलाय. ज्यांची दोन वर्षं अजून भरली नाहीत, त्यांनी उद्याच तारीख मोजा.